पाण्यात प्लास्टर टाकणारी बाई

रोह्याकडचं नवं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी मासे बघत नाही, मला बघतं. मग जरा घुटमळून विचारतं, "त्या प्लास्टरवाल्या बाई तुम्हीच का?"

मी म्हणते, "मीच. बसा."

पेणच्या रामवाडीत हायवेपासून आत माझं दुकान आहे. पाटीवर 'अॅक्वेरियम' लिहिलंय, पण माझा खरा धंदा माशांचा नाही, पाण्यातल्या झाडांचा. काचेच्या टाकीत खाली माती, वर बारीक रेती आणि त्यात जिवंत झाडं. कुणी गवतासारखं पसरतं, कुणी लाल पानांचं, कुणी दगडाला शेवाळासारखं बिलगतं. मासे असतात, पण पाहुण्यासारखे. घर झाडांचं.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. बाप खाडीकाठच्या मिठागरावर, आजाही तिथेच. पदवी घेऊन मी रोह्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, शिफ्ट केल्या, आणि मग ती नोकरी सोडून हे दुकान टाकलं. आमच्या आळीत याची फार चर्चा झाली. "बी.एस्सी. करून मासं इकतंय," असं म्हणायचे. यात चूक एवढीच की मासे विकायला आमच्याकडे कुणालाच शिकावं लागत नाही. मी पाणी विकते म्हणा हवं तर. म्हणजे पाण्यात काय कमी आहे ते सांगणं विकते.

कमी असतं ते बहुधा कॅल्शियम. आमच्याकडे नळाला धरणाचं पाणी, रोह्या-कोलाडला नदीचं. दोन्ही मऊ. मऊ पाणी म्हणजे साबणाला फेस भरपूर, डाळ लवकर शिजते, तांब्याच्या तळाला पांढरं बसत नाही. माणसाला याहून सुखाचं पाणी नाही. झाडाची मात्र उपासमार होते. बाकीची काही खतं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं. कॅल्शियमचं तसं नाही. ते एकदा जुन्या पानात बसलं की तिथून उठत नाही. त्यामुळे जुनी पानं हिरवीगार दिसतात आणि शेंड्याचं कोवळं पान मात्र चुरगळलेलं, वाकडं, जन्मतःच म्हातारं येतं. टाकीत गोगलगायी असतील तर त्यांच्या शंखावर पांढरे खड्डे पडतात. मी कुणाच्याही घरी गेले की आधी शेंडा बघते, मग गोगलगाय. चहा नंतर.

हे एवढं सांगितलं की लोक ऐकून घेतात आणि घरी जाऊन स्वतःचं डोकं चालवतात. रोह्याचे एक निवृत्त साहेब होते. त्यांनी आईच्या हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून टाकीत टाकल्या. गोळ्या विरघळल्या नाहीत, तळाशी नुसता गुलाबी चिखल झाला. मी म्हटलं, "साहेब, आईला काय दिलंत मग?" तर म्हणाले, "तिला सांगितलं, दुकानात संपल्यात." खाडीकडचा एक भाऊ सरळ विचारायचा, "पानी फिकं हाय तर मूठभर मीठ टाकू?" मिठागरवाल्याच्या पोरीला मिठाचा सल्ला! कुणी शिंपले टाकतं. शिंपले वाईट नाहीत, पण ते फार सावकाश विरघळतात, आणि त्यांच्याबरोबर पाण्याची सगळी प्रकृतीच बदलते. मऊ पाण्यातल्या माशांना ती मानवत नाही.

मग काय टाकायचं? याचं उत्तर मी लहानपणी पायाखाली तुडवलेलं आहे.

मिठागरात खाडीचं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात असं फिरवत आटवतात. मीठ शेवटच्या कप्प्यात धरतं. त्याच्या आधीच्या कप्प्यांत तळाशी एक करकरीत पापडी बसते, पायाला टोचते. मी एकदा ती तोंडात घातली तर बाबा ओरडले, "थुक ती! मीठ नाय ते, कचरा हाय." कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी तो कचरा डब्यातून प्रयोगशाळेत नेला आणि तपासला. कॅल्शियम सल्फेट निघालं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं. मग आता फेकू नको म्हनतंस काय?" मी म्हटलं, "फेका. सध्या फेका."

पेणमध्ये राहून हे कॅल्शियम सल्फेट शोधायला लांब जावं लागत नाही. ज्या प्लास्टरच्या मूर्ती आमच्या भागातून सगळीकडे जातात, ते प्लास्टर भिजून घट्ट झालं की हेच. पेणजवळच्या जोहे गावात माझ्या आईच्या नात्यातले एक मामा आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचा मूर्तींचा कारखाना. प्लास्टर कालवलं की ते भराभर साच्यात ओतावं लागतं, हात जरा रेंगाळला तर घमेल्यातच घट्ट होतं. असे उरलेले गोळे कारखान्यामागे ढिगाने पडलेले असतात. रंग नाही, काथ्या नाही, नुसतं पांढरं. मी मागायला गेले तेव्हा नाना म्हणाले, "काय गो, आता गणपती माशांना चारतंस काय?"

मी सगळं समजावलं. त्यांनी विचार केला आणि एकच अट घातली. "साच्यात गेलं तो देव. तुटला तरी देव. त्याला हात लावायचा नाय. घमेल्यात राहिलं ते प्लास्टर. ते ने खुशाल."

ती अट मी आजवर मोडलेली नाही. गोळा आणते, चांगला भिजवून ठेवते, आधी माझ्या गोगलगायींच्या बादलीत टाकून बघते, मग जाळीच्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या टाकीत, पाणी फिरतं तिथे, टांगते. सोबत थोडं मॅग्नेशियम, तेही झाडाला लागतंच. बाटलीतून परदेशी औषधं मिळतात, तीही मी विकते. कुणी मागितलं तर सांगून टाकते की त्यातलं बरंचसं हेच आहे, वर छान लेबल आहे.

आता वाचणाऱ्याच्या मनात आलंच असेल की प्लास्टरने तर पाणी बिघडतं, त्यावर एवढी भांडणं चालतात. चालतातच. पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला ती शिकवू नयेत. रंगवलेल्या मूर्ती ढिगाने एका लहान तळ्यात गेल्या तर तळ्याचं वाटोळं होतं, हे मी नानांच्या तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता. पण रंगाचं आणि ढिगाचं पाप एका पांढऱ्या गोळ्याच्या माथी मारू नका. मापात घातलेलं मीठ आणि मिठाचं पोतं, दोन्ही एकच असतं का?

आता कोलाडचं सांगते. प्लास्टरवाली हे नाव मला तिथून लागलं.

कोलाडला नदीकाठी एक रिसॉर्ट आहे. त्याच्या शेठनी स्वागतकक्षात मोठी टाकी करायला मला बोलावलं. मोठी म्हणजे दोन बाया आडव्या झोपतील एवढी लांब. मी नदीतलेच काळे दगड आणले, त्यांच्या खोबणींत झाडं बसवली, मागे उंच गवत, पुढे बुटकी हिरवळ, आणि निळ्या-लाल पट्टीच्या निऑन माशांचा थवा. आयुष्यात मी केलेली सगळ्यात सुंदर गोष्ट ती. पाहुणे खोलीची किल्ली घ्यायचं विसरून टाकीपुढे उभे राहायचे. शेठ सगळ्यांना सांगायचे, "हे आमच्या पेणच्या मॅडमचं काम." मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या टाकीवर माझ्याइतकाच जीव आणखी एका बाईचा होता. सुगंधाताई, कोलाडपलीकडच्या एका वाडीवरची, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या करायची. दुपारी काम उरकलं की फडकं घेऊन टाकीची काच पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं. झाडांशी बोलायची. एकदा पावसाळ्यानंतर मी गेले तर म्हणाली, "बाय गो, ह्या शेंड्यांना काय झालंय? बाळंतिणीसारखी फिकुटल्यात."

पावसाने नदीचं पाणी आणखी मऊ झालं होतं आणि पिशवीतला गोळा झिजून बोराएवढा उरला होता. मी म्हटलं, "कॅल्शियम कमी पडलंय, ताई."

"मग चुना दे की. आमच्यात बाळंतिणीला गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातनं देतात. हाडं भरतात."

"टाकीला चुना चालत नाही. मी नवीन गोळा टांगते. दोनतीन आठवडे थांबा, पुढची पानं सरळ येतील."

"एवढं दिवस? तोवर जातील की ती."

"नाही जात."

मी गोळा टांगला आणि निघून आले. त्याच आठवड्यात सकाळी मॅनेजरचा फोन. "मॅडम, मासे वर आलेत. सगळे उलटे."

पोचले तेव्हा टाकी दुधाळ झालेली. काचेवर पांढरा पापुद्रा, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं. थव्यातले बरेचसे मासे आधीच कुणीतरी जाळीने काढून बादलीत टाकले होते, पोट वर करून. कोपऱ्यात थोडे धापा टाकत होते. मी आधी त्यांना बाहेर काढून हळूहळू ताज्या पाण्यात आणलं. शेठ माझ्या मागे येऊन उभे राहिले. हातात माझी जाळीची पिशवी.

"मॅडम, हे प्लास्टर आहे?"

"आहे. मी टांगताना तुम्हाला सांगितलं होतं."

"मला वाटलं काहीतरी औषध असेल. गणपतीचं प्लास्टर? प्लास्टरने मासे मरतात हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात."

"याने मेलेले नाहीत. पाच मिनिटं द्या, दाखवते."

पाणी तपासायच्या माझ्याकडे दोन बाटल्या असतात. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब टाकायचे. पहिली बाटली कॅल्शियम-मॅग्नेशियम सांगते. दुसरी सांगते ते वेगळं, आम्ल पचवायची पाण्याची ताकद. प्लास्टर पहिल्या बाटलीचा आकडा वाढवतं, दुसरीला शिवतही नाही. म्हणून तर ते मी वापरते. त्या दिवशी दोन्ही आकडे चढले होते. तिसरी एक चाचणी असते, पाणी आंबट की तुरट-दाहक ते दाखवणारी. तिचा रंग गर्द निळा आला. एवढं दाहक पाणी प्लास्टरचे शंभर गोळे टाकले तरी होत नाही. ते एकाच गोष्टीने होतं, आणि ती गोष्ट कोलाडच्या प्रत्येक पानटपरीवर मिळते.

मला कळलं. शेठना काही बोलायच्या आधी मी मागे स्वयंपाकघराच्या मोरीकडे गेले. सुगंधाताई भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढे बसली होती. भांडी घासत नव्हती, नुसती बसली होती.

"ताई, किती टाकलात?"

तिने मान वर केली नाही. "टपरीवरची पुडी. आख्खी."

"गव्हाच्या दाण्याएवढा म्हणत होतात ना?"

"तो मानसाला. एवढ्या मोठ्या टाकीला दाना कसा पुरंल?" मग ती रडायला लागली. "मना वाटलं, सकाळी उठून बगीन तर पानं उभी ऱ्हातील. मासं मरतील ह्ये मना काय ठाव? मी मारली गो ती. मीच मारली."

हिशेब तिच्या बाजूने बरोबर होता. गव्हाएवढा चुना माणसाला, तर पुडीभर टाकीला. माणसाच्या पोटात आम्ल असतं, ते चुन्याला निकामी करतं. टाकीला तसं पोट नाही. हे तिला कुणी शिकवावं? तिने त्या झाडांना बाळंतिणीचा मान दिला होता.

"शेठला सांगनार हाईस?" तिने विचारलं. "सांग. पन मग मना आजच घरी जावं लागंल."

मी पुढे गेले. शेठपुढे नळ्या मांडल्या आणि सांगितलं की टाकीत चुना पडलाय, प्लास्टरने हे होत नाही, हे पाहा.

शेठनी नळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "रसायनशास्त्र मला नका शिकवू. कुणी टाकला?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे माहिती आहे."

"माहिती आहे. मुद्दाम केलेलं नाही, आणि मी नाव सांगणार नाही. टाकी मी पुन्हा उभी करून देते. झाडं जगतील."

"नाव सांगा, नाहीतर प्लास्टरनेच मेले असं मी समजणार. आणि विचारणाऱ्याला तसंच सांगणार."

मी खरं सांगते, तेव्हा मी टाकीकडे पाहिलं. त्या दुधाळ पाण्यातही मागचं गवत हलत होतं. एक नाव उच्चारायचं होतं फक्त, की टाकी माझी, नाव माझं, सगळं जागच्या जागी. शेठच्या मागे स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून भांड्यांचा आवाज येत नव्हता.

"समजा," मी म्हटलं. "तुमच्या समजण्याने प्लास्टरची जात बदलत नाही."

"मग हा कचरा उचला आणि ते उरलेले मासेही न्या. मला नकोत आता."

मी ते मासे पिशवीत घेतले, प्लास्टरचा गोळा पर्समध्ये टाकला आणि रस्त्यावर येऊन पेणच्या गाडीची वाट पाहत उभी राहिले. तिथे मला रडू आलं, टाकीसाठी. ते इथे लिहून ठेवते, कारण मी फार कणखर आहे असं वाटायला नको.

शेठ शब्दाचे पक्के निघाले. कोलाडपासून रोह्यापर्यंत पसरलं की पेणची एक बाई टाकीत गणपतीचं प्लास्टर टाकते आणि मासे मारते. रोह्याची गिऱ्हाइकं येईनाशी झाली. हाडांच्या गोळ्यावाले साहेबसुद्धा फोनवर म्हणाले, "आमची पिशवी काढून घेऊन जाल का, म्हणजे, बायको घाबरते." माझ्या सख्ख्या भावाने सल्ला दिला, "अगो, बोर्डवर लिही ना की आमच्याकडे फक्त परदेशी औषधं." नाना तर उलट मलाच म्हणाले, "माझ्या मालाला बट्टा लागला तुझ्यामुळं."

मी बोर्ड लिहिला. दुकानाच्या दर्शनी काचेत नवी टाकी मांडली, कोलाडचे वाचलेले निऑन तिच्यात सोडले, आणि प्लास्टरचा गोळा पिशवीत लपवायच्याऐवजी पुढे, मधोमध, दगडासारखा ठेवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'या टाकीत पेणचं प्लास्टर आहे. मासे मोजून घ्या, महिन्याने परत मोजा.'

लोक खरंच मोजायला लागले. शाळेतून घरी जाणाऱ्या मुली काचेला नाक लावून मोजायच्या आणि आकड्यावरून भांडायच्या. रिक्षावाले पैज लावायचे. मासे लाल-निळे होऊन फिरत राहिले, शेंड्याची पानं सुईसारखी सरळ आली. साहेबांनी एक दिवस स्कूटर बाहेर लावली, बराच वेळ उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "पिशवी परत लावाल?" मी म्हटलं, "लावते. बायकोला घेऊन या आधी, तिला मोजू द्या." सगळे परत आले असं नाही. काही आजही येत नाहीत.

यंदा गणपतीच्या आधी सुगंधाताई दुकानात आली. जोह्याहून मूर्ती घेऊन परत चालली होती, मांडीवर धरून बसली. टाकीतल्या माशांकडे तिचं लक्ष गेलं.

"ह्ये तेच काय गो?"

"तेच."

"जगली?" मूर्ती सांभाळत ती पुढे वाकली आणि मोजायला लागली, मध्येच चुकली, पुन्हा मोजली. मग म्हणाली, "पन तू अजून ही पाटी कशाला ठेवल्यास? शेठला तर सगळं ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"मी सांगितलं ना त्याला. तू गेलीस त्याच आठवड्यात. मना घास जाईना. म्हटलं, शेठ, चुना मी टाकला, त्या बायला बोल लावू नका. त्यो हसला. म्हनला, जाऊ दे, तुझ्या भाकरीसाठी पाहुनं परत येतात, तुला कुठं घालवू." ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यानं तुला फोन नाय केला?"

नाही केला. ज्या काळात साहेबांची बायको घाबरली, नानांनी तोंड फिरवलं, त्या सगळ्या काळात शेठना खरं ठाऊक होतं. सुगंधाताईची नोकरी राहिली याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून आहे. पण एक फोन करायला काय जात होतं? कदाचित पसरवलेली गोष्ट परत गोळा करायची कुणाला सवयच नसते.

सुगंधाताई म्हणाली, "तू लिहितंस ना कायबाय? लिही हे. माझं नाव घालून लिही."

"तुमचं नाव कशाला? बदलून टाकते."

"का? मी काय चोरी केली? झाडावर माया केली. चुकली. लिही."

म्हणून लिहिलं. तिच्यासमोर वाचून दाखवलं, एके ठिकाणी तिने दुरुस्तीही सांगितली, की ती फार रडली नव्हती, थोडीच रडली होती. मी ते बदललेलं नाही.

बाबांना आता जाऊन काही वर्षं झाली, मिठागरही बुजलं. त्यांनी ज्याला कचरा म्हटलं ते मी विकते, पाटी लावून विकते आणि घमेल्यातलंच विकते. नाना पुन्हा गोळे देतात. अट तीच.

कोलाडच्या त्या रिसॉर्टमध्ये दर वर्षी दिवाळी अंक ठेवतात, स्वागतकक्षातल्या टेबलावर, टाकीच्या अगदी समोर. मी तिथे बसून चाळलेले आहेत. हा अंकही जाईल. शेठ, पाहुण्याची वाट पाहताना तुम्ही हे पान उघडलंत तर मान वर करून एकदा समोर बघा. तुम्ही टाकीत आता प्लास्टिकची झाडं लावलीत असं सुगंधाताईकडून कळलं. बरं केलंत. त्यांना कॅल्शियम लागत नाही.